भाऊसाहेबांचं गंधचरित्र

भाऊसाहेब गेले तेव्हा साताऱ्याच्या खालच्या रस्त्यावरच्या चार दुकानांनी अर्धा तास शटर खाली ओढलं होतं. परगावच्या माणसाला वाटावं, की कुणी माजी नगराध्यक्ष गेले. गेलं होतं ते वृंदा कर्डिले यांच्या चष्म्याच्या दुकानातलं कुत्रं. पण त्याला तोंडावर 'कुत्रं' म्हणायची रस्त्यात कुणाची छाती नव्हती. थोराड अंग, मळकट पांढरा रंग, काळं तोंड, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरच्याने गृहपाठ केलेला नाही हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ते भाऊसाहेब. फ्रेम शोभते का हे आरशात बघून झालं, की गिऱ्हाईक सवयीने त्यांच्याकडेही एक नजर टाकायचं.

वृंदाताई छप्पन्न वर्षांच्या. एकट्या राहणाऱ्या, जिभेने तिखट. दुकानाच्या मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दुकान उघडलं. लोक हळहळले, दोन दिवस विचारपूस केली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता दुसरं एखादं पिल्लू आणा." वृंदाताईंनी त्यावर कुणाला फटकारलं नाही, हेच नवल.

भाऊसाहेबांची कथा सगळ्या साताऱ्याला पाठ होती. नऊ वर्षांपूर्वी वृंदाताई फलटणकडून डोळे तपासणीचं शिबिर आटोपून परतत होत्या. रस्त्याकडेच्या बाभळीखाली त्यांना एक तरणं कुत्रं दिसलं. गळ्यात दोर, आणि दोराला हातभर लांब, मनगटाएवढं जाड लाकूड लोंबकळत होतं. उभं राहिलं की लाकूड पुढच्या पायांवर आदळत होतं आणि पाय सोलवटले होते. वृंदाताईंचं डोकं फिरलं. शिबिराच्या पेटीतल्या कात्रीने त्यांनी दोर कापला, कुत्र्याला गाडीत घातलं आणि लाकूडही बरोबर घेतलं. दोर कापण्याआधी त्यांनी तिथेच काढलेला फोटो हजारो लोकांनी पाहिला, वर्तमानपत्रात बातमी आली. ते लाकूड तेव्हापासून दुकानातल्या काचेच्या कपाटात, महागड्या फ्रेमांच्या शेजारी ठेवलेलं असे. खाली चिठ्ठी: 'माणसाच्या क्रौर्याचा पुरावा.' शाळांच्या सहली ते बघायला येत. वृंदाताई मुलांना सगळी हकिकत सांगत आणि मुलं डोळे पुसत घरी जात.

आता गावातलं प्राणिमित्र मंडळ शोकसभा घेणार होतं. पण वृंदाताईंनीच ती लांबवली होती. त्यांना त्या सभेत एक गोष्ट वाचून दाखवायची होती, आणि ती पुण्याहून यायची होती.

ती गोष्ट म्हणजे भाऊसाहेबांचं गंधचरित्र.

त्याचं असं झालं. भाऊसाहेब आठेक वर्षांचे असताना त्यांना फेफरं येऊ लागलं. औषधं हरली. तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. शबाना अत्तार यांचं नाव कुणीतरी सुचवलं. अत्तार आडनावाच्या बाईने वासांवर संशोधन करावं, हा विनोद पहिल्याच भेटीत त्या स्वतः करून टाकत, म्हणजे समोरच्याची खाज भागे.

कुत्र्याच्या कपाळामागे, मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला वास ओळखणारा एक कंद असतो. माणसालाही असतो, पण आपला इवलासा. कुत्र्याचा त्याच्या डोक्याच्या मानाने चांगला मोठा. भाऊसाहेबांचं फेफरं तिथूनच उठायचं. आधी ते हवेत काहीतरी हुंगायचे आणि मग कोसळायचे. डॉक्टरांनी त्या कंदावर पापडाहून पातळ, नखाएवढी एक जाळी बसवली. जाळीला हजारभर टोकं होती. मेंदूतली वीज बिनसायला लागली, की जाळी तिला एक बारीकसा टोला देऊन ताळ्यावर आणायची. फेफरं थांबलं. पण जाळी रिकामी बसून राहत नव्हती. तीन वर्षं, रात्रंदिवस, ती सगळं टिपून ठेवत होती.

"तुम्ही ठिपक्यांची रांगोळी काढता ना," डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. "ठिपके तेच. काही जोडले की कमळ होतं, दुसरे जोडले की मोर. तसंच हे. एखादा वास आला की हजारातली काही ठिकाणं पेटतात. वासागणिक ठसा वेगळा. गळपट्ट्यात आम्ही एक यंत्राचं नाक बसवलंय. ते त्याच क्षणी हवेत काय होतं ते सांगतं. दोन्ही ताडून पाहिलं, की कळतं हा ठसा कढीपत्त्याचा, हा पावसाचा, हा वृंदाताईंचा."

"माझा ठसा कमळाचा की मोराचा?"

"तुमचा जरा काटेरी आहे," डॉक्टर म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दोघींचं जमलं.

पुढची गोष्ट डॉक्टरांना शोधत नसताना सापडली. कुत्रं झोपलं, की जागेपणीचे ठसे त्याच कंदात पुन्हा उमटत. हवेत तो वास नसताना. माणूस स्वप्नात पाहतो, कुत्रं स्वप्नात हुंगतं. ज्या ज्या कुत्र्यांना जाळी बसवली होती त्यांची स्वप्नं अशी वाचता येऊ लागली. कुत्रं गेल्यावर मालकाला हवा असेल तर सगळा जमाखर्च मांडून दिला जाई: आयुष्यात त्याला काय आवडलं, कशाची भीती वाटली, झोपेत कोण आलं. या अहवालाला डॉक्टरांनीच गंधचरित्र असं नाव दिलं होतं.

वृंदाताईंना ते हवंच होतं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी कुणीतरी लिहून दिलेलं हवं होतं. आपण एका जिवाला नरकातून काढलं आणि त्याला ते कळलं होतं, एवढं एकदा छापील दिसलं की त्यांचं भागणार होतं.

भाद्रपदात डॉक्टरांचं बोलावणं आलं.

"आधी चांगलं सांगते," डॉ. अत्तार म्हणाल्या. पडद्यावर रंगीत ठिपके होते. "जागेपणी तुम्ही पहिल्या नंबरावर. दुपारी तुम्ही जेवून दुकानात परत यायचात, तेव्हा भाऊसाहेब सेकंदाला सहा-सात वेळा हुंगायचे. हुंगण्याची ती चाल फक्त एकाच प्रसंगी दिसते. आवडतं माणूस परत येतं तेव्हा. तीन वर्षांत एकही दिवस चुकला नाही."

वृंदाताईंनी पर्समधून रुमाल काढून मांडीवर ठेवला. लागणार होताच.

"आणि झोपेत?"

"झोपेत तुम्ही दुसऱ्या."

"पहिलं काय, सुकट?" वृंदाताई हसल्या. "शेजारच्या मोमीनांची सुकट चोरली होती त्यांनी एकदा."

डॉक्टर हसल्या नाहीत. "माणूस आहे. हा ठसा आमच्या यादीत नव्हता, म्हणजे जाळी बसवण्याआधीचा. पण वास एकमेकांसारखे असले तर ठसेही जवळजवळ पडतात. हा ठसा एकटा येत नाही. त्याच्या आजूबाजूला घोंगडीचा येतो, मेंढरांचा येतो, बाभळीच्या धुराचा येतो. आणि मधोमध हा. एक पुरुष. जवळजवळ रोज, पहाटेच्या झोपेत."

"तोच तो!" वृंदाताई ताडकन म्हणाल्या. "ज्याने गळ्यात ओंडका बांधला तो. मेल्यावरही पाठ सोडत नाही बघा. भीतीचीही स्वप्नं पडतातच की."

"पडतात. भीतीत कुत्रं श्वास कोंडून धरतं. ती चाल निराळी असते. फटाक्यांच्या रात्रीची आहे माझ्याकडे, दाखवते." त्यांनी दाखवली. मग पहाटेचं स्वप्न दाखवलं. मग दुपारी वृंदाताई परत येतानाचं. शेवटची दोन इतकी सारखी होती, की एकावर एक ठेवली असती तर रेघ हलली नसती.

वृंदाताईंनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"अजून एक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हा ठसा तीन वर्षांत एकदाच जागेपणी आलाय. मागच्या नोव्हेंबरात, चौदा तारखेला, दुपारी पावणेतीनला. गळपट्ट्याने जागाही नोंदवली आहे. लिंब खिंड."

वृंदाताईंना तो दिवस लख्ख आठवला. खिंडीत मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, गाड्या खोळंबल्या होत्या. मागच्या सीटवरचे भाऊसाहेब एकदम उभे राहिले, अर्ध्या उघड्या काचेतून तोंड बाहेर काढलं आणि ओरडले. भुंकणं नव्हे, दुकानात कधी ऐकला नव्हता असा आवाज. बिचाऱ्याला जुनं काहीतरी आठवलं, घाबरला, असं त्यांना वाटलं होतं.

"मी काच वर केली," त्या म्हणाल्या. "मीच. बटण दाबून."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "ताई, ही शर्यत नाही. त्या दिवसानंतर एक बदल झालाय, तोही बघा. आधी स्वप्नात एक तर तुम्ही यायचात, नाही तर तो. खिंडीत मात्र त्यांना तुम्हा दोघांचा वास एकाच वेळी आला. गाडीत तुम्ही आणि बाहेर तो. त्यानंतरच्या आठ महिन्यांत तुम्ही दोघं त्यांच्या झोपेत एकत्र यायचात. शेवटच्या पहाटेसुद्धा. असं दोघांना एकत्र करणारं स्वप्न मी दुसऱ्या कुठल्या कुत्र्यात पाहिलेलं नाही."

मग त्या हळूच म्हणाल्या, "अहवाल तुमचा आहे. सभेत एवढं पान गाळलं तर कुणाला कळणारही नाही."

साताऱ्याला परत आल्यावर वृंदाताईंनी दुकान उघडलं नाही. नऊ वर्षांपूर्वीचा तो गाजलेला फोटो काढला आणि पहिल्यांदाच कुत्र्याकडे न बघता फोटोतल्या बाकीच्या गोष्टींकडे बघितलं. बाभळीच्या फांदीवर घोंगडं टाकलेलं होतं. बुंध्याशी पाण्याने भरलेलं भांडं होतं. म्हणजे मालक जवळच होता, हाकेच्या अंतरावर. ते घोंगडं त्यांनी तेव्हाही पाहिलं होतं, हे त्यांना आता नीट आठवलं. पाहिलं होतं आणि जमेत धरलं नव्हतं. हाक मारली असती तर कुणीतरी आलं असतं आणि त्याच्याशी बोलावं लागलं असतं. दोर कापणं त्यापेक्षा सोपं होतं.

ज्या बाईने तीस वर्षं लोकांना 'नीट बघा, अक्षर दिसतंय का' असं विचारण्यात घालवली, तिची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आपण वाचवलं की पळवलं, हा प्रश्न आता त्यांच्या ताटात येऊन बसला होता. जेवण जाईना. पान गाळणं सोपं होतं, पण ते गाळलं तर भाऊसाहेबांची रोजची पहाटच गाळल्यासारखी होती. ते काही त्यांच्याने होईना. त्यांनी मंडळाला फोन करून सभा रद्द करायला सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला त्यांची निम्मीच माहिती होती." मग काचेचं कपाट उघडून लाकूड बाहेर काढलं आणि चिठ्ठी फाडून टाकली.

माणूस शोधणं अवघड गेलं नाही. हल्ली मेंढरांच्या कानात बिल्ले असतात, आणि कळप महामार्ग ओलांडू लागला की रस्त्याकडेचा खांब ते मोजून गाड्यांना सावध करतो. महामार्गाच्या कचेरीतल्या नोंदीत चौदा नोव्हेंबरला पावणेतीनच्या सुमारास लिंब खिंडीत एकच कळप होता. मेंढ्या एकशे बेचाळीस, धनी धुळाजी वीरकर, तालुका माण. हे लोक दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाळ्यात घरी माळावर असतात. फोन नंबरही होता. पण ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हती.

वीरकरांच्या वस्तीवर वृंदाताई पोचल्या तेव्हा उन्हं कलायला लागली होती. लिंबाखाली साठीचा एक माणूस मेंढी आडवी घालून कातरीने लोकर उतरवत होता. अंगात बंडी, डोक्याला तांबडं मुंडासं. कातर अगदी कातडीलगत चालत होती आणि मेंढी डोळे मिटून पडली होती. शेजारी एक कुत्रं बसलं होतं. त्याने वृंदाताईंना हुंगलं, तेव्हा त्यांना उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटलं.

"या बाई, या. शिबिराच्या का तुमी?" धुळाजींनी विचारलं. "गेल्या साली बी आलं व्हतं शिबिर. चष्मा दिला त्यांनी. त्यो मेंढरानं तुडवला."

वाटेत त्यांनी चार वेळा पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. त्यांनी पिशवीतून लाकूड काढलं आणि नुसतं पुढे धरलं.

धुळाजींनी ते हातभर लांब धरून डोळे बारीक केले. दिसलं नसावं. मग त्यांचा अंगठा लाकडावरून फिरत गेला आणि एका टोकाशी, दोर बसण्यासाठी कोरलेल्या खाचेत जाऊन थांबला.

"ही खाच म्या घेटली व्हती," ते म्हणाले. "ह्ये कुठं घावलं तुमाला?"

"मी नेलं होतं. लाकूड आणि कुत्रा, दोन्ही. नऊ वर्षांपूर्वी, फलटणच्या रस्त्यावरून. मला वाटलं, कुणीतरी त्याला छळतंय. मी हाक मारली नाही, विचारलं नाही. दोर कापला आणि घेऊन गेले."

मेंढी उठली आणि अर्धी लोकर अंगावर घेऊन चालू लागली. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"म्हंजी खंड्याला," धुळाजी सावकाश म्हणाले, "बिबट्यानं न्हाई न्हेला?"

"नाही."

"जित्ता व्हता?"

"नऊ वर्षं होता. यंदा आषाढात गेला. म्हातारा होऊन गेला."

धुळाजी उठून उभे राहिले आणि खोपटाकडे तोंड करून ओरडले, "ठके! अगं भाईर ये! खंड्याला बिबट्यानं न्हाई न्हेला गं!" कुत्रं मेल्याची बातमी नव्हे, सापडल्याची सांगावी असा तो आवाज होता.

ठकूबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. वृंदाताईंना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि या खेपेला समोरचे डोळे जास्त कडक होते.

"लोढणं व्हतं त्ये," ठकूबाई म्हणाल्या. "तुमच्यात म्हाईत न्हाई? वांड कुत्र्याच्या गळ्यात बांधत्यात. ह्येंच्या भावाचं कुत्रं त्याच आठवड्यात टरकाखाली गेलं. आन खंड्या तरणा, चाक दिसलं की धावला. डांबरीवनं मेंढरं न्यायची व्हती. आठ दिसांसाठी बांधलं, पळू नये म्हनून, मरू नये म्हनून. आमी पाटाच्या पल्याड मेंढरं पाजत व्हतो. त्याला तरास नको म्हनून सावलीला ठिवला, पाणी ठिवलं. आमचं कुत्रं चोरून न्हेलंस आन वर आमालाच कसाई केलंस व्हय गं?"

"हो," वृंदाताई म्हणाल्या. "तसंच केलं. शाळेतल्या पोरांना बोलावून बोलावून सांगितलं."

इतकं सरळ उत्तर ठकूबाईंना अपेक्षित नसावं.

"तीन दिस हुडाकला," धुळाजी म्हणाले. ते बायकोशी बोलत होते की लाकडाशी, ते कळत नव्हतं. "बाकीचे कळप फुडं गेलं, आमी थांबलो. शेजारच्या उसात बिबट्या व्हता. समदी म्हनली, त्यानंच न्हेला. मला वाटायचं, लोढणं नसतं तर पळाला असता. माझ्या हातानं म्या त्याला बांधून दिला. तवापास्नं कंच्या बी कुत्र्याला लोढणं घातलं न्हाई म्या. दोन गेली गाडीखाली." त्यांनी मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसले. "पर खंड्या न्हाई गेला बिबट्याच्या तोंडात. ह्ये बरं झालं. ह्ये लई बरं झालं."

वृंदाताईंना वाटलं होतं, शिव्या खाव्या लागतील. त्याची तयारी करून त्या आल्या होत्या. याची तयारी केलेली नव्हती. त्या तिथेच मातीत बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्यांसमोर भोकाड पसरून रडल्या.

रडून झाल्यावर त्यांनी जाळीचं सांगितलं. कपाळामागचा कंद, ठिपके, ठसे, झोप. डॉक्टरांनी रांगोळीने समजावलं होतं, ते त्यांनी इथे मेंढरांवरच्या खुणांनी समजावलं. गेरूचा पट्टा ज्याच्या त्याच्या कळपाचा वेगळा, तसा वासाचा ठसा. धुळाजींनी मधे एकच प्रश्न विचारला.

"झोपंत? रोज?"

"रोज पहाटे. तुम्ही, तुमची घोंगडी, हा धूर. मी त्याला नऊ वर्षं जीव लावला, पण पहाटे तो इकडे यायचा."

"खिंडीत," धुळाजी एकदम म्हणाले. "पांढरी गाडी व्हती. आतनं कुत्रं वरडलं. मला वाटलं, आवाज वळकीचा हाय. मागं वळून बघाय लागलो तवर काच वर गेली. म्हनलं, म्हातारपणी कान बी भुलाया लागलं."

"ती मी," वृंदाताई म्हणाल्या. "आणि तेव्हापासून आपण दोघे त्याच्या झोपेत एकत्र यायचो. डॉक्टर म्हणाल्या, असं कधी पाहिलं नाही."

सुटलेली मेंढी लिंबाला अंग घासत होती.

ठकूबाईंनीच पुन्हा तोंड उघडलं. आवाज अजून नरम झालेला नव्हता. "मरताना कोन व्हतं जवळ?"

"मी. मांडीवर डोकं होतं."

"पुरला का टाकला?"

"पुरला. दुकानाच्या मागे. मीच खणलं."

"त्या दिशी जेवलीस का?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. पिल्लाचं विचारलं होतं, सभेचं विचारलं होतं. "आठवत नाही. चहा घेतला असेन."

"म्हंजी कडू घास कुनी दिला न्हाई तुला."

"कुत्र्यासाठी कोण देतं?"

ज्या घरातलं माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांच्या तोंडात पहिला घास घालतात. तो कडू घास. तो खाल्ल्याशिवाय मागे राहिलेल्याने जगायला सुरुवात करायची नसते. हे वृंदाताईंनाही ठाऊक होतं. आईच्या वेळी आणि वडलांच्या वेळी त्यांनी तो खाल्ला होता. यंदा मात्र कुणाला सुचलं नाही, त्यांनाही नाही.

ठकूबाई आत गेल्या. चुलीतलं लाकूड ओढून विझवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सकाळची बाजरीची भाकरी होती आणि तिच्यावर ठेचा. त्या वृंदाताईंसमोर उकिडव्या बसल्या, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. वृंदाताईंनी तोंड उघडलं. घास सावकाश चावून खाल्ला.

मग ठकूबाईंनी उरलेली भाकरी वृंदाताईंच्या हातात दिली.

"आता तू दे," त्या म्हणाल्या. "तुज्यात त्यो आषाढात गेला. आमच्यात आज गेलाय."

वृंदाताईंनी भाकरीचा तुकडा मोडला. त्याला ठेचा लावून तो धुळाजींपुढे धरला. धुळाजींनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि घास घ्यायला तोंड पुढे केलं.